माणूस आत आहे असं धर

माझ्या धाकट्या भावाला सगळे जरतर म्हणतात. हे नाव मी ठेवलं, तो सात वर्षांचा असताना. तेव्हापासून हा दिवटा सरळ बोलतच नसे. "जर तू मला सायकल दिलीस, तर शाईची बाटली कुणी सांडली ते मी अप्पांना सांगणार नाही." "जर मी दूध संपवलं, तर अंधारात तू माझ्यासोबत यायचं." आई वैतागायची, अप्पा हसायचे. पुढे याच जर-तरवर तो पोट भरेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

लोकांच्या घरातल्या दिव्यांना, पंख्यांना, गिझरला, पडद्यांना अक्कल शिकवायची, हा त्याचा धंदा. भिंतीवर काडेपेटीएवढे सेन्सर चिकटवायचे. एक हालचाल बघतो, एक दार उघडलं की मिटलं ते सांगतो. या सगळ्यांचा कारभारी म्हणजे एक पांढरा डबा, तो वायफायच्या शेजारी बसतो. मग मोबाइलवर नियम लिहायचे. जर दार उघडलं, तर दिवा लाव. ऐकायला सोपं, पण प्रत्यक्षात ते घर असं काही डोकं फिरवतं की विचारू नका. माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे, त्यामुळे त्याची गिऱ्हाइकं तक्रार घेऊन आधी माझ्याच डोक्यावर येऊन बसतात. "ताई, मी पुस्तक वाचत बसले की तुमच्या भावाचा दिवा विझतो हो." अहो बाई, तुम्ही हलत नाही म्हणून विझतो! त्याला वाटतं खोलीत कुणी नाही.

पण खरं सांगते, त्याच्याइतकं जीव लावून हे काम करणारा दुसरा मी पाहिला नाही. भिंतीवरचं बटण तो कधी काढत नसे. "म्हातारं माणूस आलं, पाहुणा आला, तर बोटाने दिवा लागलाच पाहिजे," म्हणायचा. दिव्याला नाव देताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचा, तुम्ही याला काय म्हणता? कुणी म्हणालं बारकी बत्ती, तर यंत्रातही बारकी बत्ती. दोन हुकमांच्या मधे तीन सेकंदांची फट ठेवायचा, नाहीतर एक हुकूम दुसऱ्याच्या अंगावर पडतो आणि दोन्ही बुडतात. त्या फटीला तो 'दम' म्हणायचा. वीज जाऊन आली की सगळे दिवे एकदम पेटून उठतात, त्यासाठी त्याचा निराळा नियम असायचा. आणि प्रत्येक नियमाला शेवट. लाव म्हटलं तर कधी विझवायचं, थांब म्हटलं तर किती वेळ, हे लिहिल्याशिवाय तो घरातून बाहेर पडत नसे. शेवट नसलेला नियम त्याने आयुष्यात लिहिला नव्हता. पुढे एकच लिहिला, तो कसा ते सांगतेच.

सगळ्यात मोठी युक्ती त्याची अशी, की नियम आधी तोंडाने बोलायचा. मोठ्याने, आपल्या रोजच्या भाषेत. बोलताना जीभ अडखळली तर समजायचं, यंत्रही तिथेच अडखळणार. लोकांच्या रिकाम्या बैठकीत उभा राहून हा एकटाच बडबडायचा, आणि घरची माणसं दाराआडून बघायची की पोरगं शहाणं आहे ना.

अप्पा, म्हणजे आमचे वडील, विजेचे मीटर वाचायचे. छत्तीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपले. आई गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत होते. लिफ्ट नाही. गुडघे गेलेले. त्यात एकदा दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून झोपून गेले, आणि एकदा जिन्यात पाय घसरून कपाळ फोडून घेतलं. मी म्हटलं, माझ्याकडे चला. जरतर म्हणाला, माझ्याकडे चला. अप्पा म्हणाले, "मी कुठेही जाणार नाही. या घरातून मला हलवलंत, तर त्याच दिवशी मी संपलो असं समजा." आमचे अप्पा धमकी द्यायचे नाहीत. जे बोलायचे ते करायचे.

तेव्हा जरतरने त्यांना शब्द दिला. मी समोर होते. त्यांच्या पलंगाशी उकिडवा बसून म्हणाला, "अप्पा, जर तुम्ही पडलात, तर दहा मिनिटांत आपलं माणूस दारात येईल. एवढं मी केलं, तर तुम्ही इथेच राहायचं." अप्पांनी मान हलवली. ते आपलं माणूस म्हणजे कोण? मी. माझं दुकान त्यांच्या घरापासून आठ मिनिटांवर, आणि हा दिवसभर गावभर लोकांच्या छतांना लटकलेला. म्हणजे नियम याचा आणि पाय माझे. बापासाठी धावायला माझी ना नव्हती, हे आधी नीट लक्षात घ्या.

सेन्सर लागले. गॅसला आपोआप बंद होणारा खटका लागला. अप्पा कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "जन्मभर लोकांचे मीटर वाचले, आता माझाच मीटर लावलात." पण पोराचं काम बघत बसले दिवसभर, पेचकसही हातात देत होते.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. जरतरने आपल्या पद्धतीने खोलीच्या मधोमध उभं राहून नियम बोलून दाखवला: "जर खोलीत किंवा स्वयंपाकघरात चाळीस मिनिटं हालचाल नसेल, तर ताईला फोन कर." जीभ कुठेही अडखळली नाही. तुम्हीही असंच बोलाल. तसाच्या तसा यंत्रात घातला. दुसऱ्या दिवशी माझा फोन अकरा वेळा वाजला. अकरा वेळा! मी तीनदा जिने चढले, आणि तिन्ही वेळा अप्पा खोलीत खुर्चीवर पेपर वाचत बसलेले. चौथ्यांदा मी जरतरला फोन करून जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी तो आला, डोकं धरून बसला आणि मग हसायलाच लागला. यंत्राला 'किंवा' म्हणजे दोन्हींतलं कुठलंही एक. अप्पा खोलीत बसले की स्वयंपाकघर रिकामं, झालं, कर फोन. आपण बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याला कळतं की कुठेच नसतील तर. त्या डब्याला कसं कळावं! 'किंवा' काढून 'आणि' घातला. खोलीत हालचाल नाही आणि स्वयंपाकघरात नाही आणि बाथरूममध्ये नाही, तेव्हाच फोन. एका शब्दाने माझे जिने वाचले.

मग राहिलं बाथरूम. तिथे काही जमेना.

अप्पांना तिथे वेळ लागायचा. वयच होतं ते. आत स्टुलावर बसून बादलीने आंघोळ करायचे, वाफेने खोली भरायची आणि त्या वाफेत सेन्सर आंधळा व्हायचा. कमोडवर बसले की पाऊण तास हलायचे नाहीत. मधेच दिवा विझायचा, मग अंधारात हात हलवत बसायचे. वर त्या डब्याला जरतरने आपल्या आवाजात बोलायला शिकवलं होतं: "अप्पा, ठीक आहात ना?" एकदा आतून अप्पांचा आवाज आला म्हणे, "अरे, आता शौचालाही तुझी परवानगी काढू का?"

आणि मग तो मंगळवार. फोन वाजला, बाथरूममध्ये हालचाल नाही. घरी फोन केला, उचलला नाही. दुकान उघडं टाकून धावले, किल्लीने दार उघडलं, बाथरूमचं दार बडवलं, हाका मारल्या, आणि उत्तर यायच्या आत दार ढकललं. कडी न लावायची सवय आम्हीच त्यांना लावली होती. अप्पा स्टुलावर, अंगभर साबण. ठणठणीत. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी कधी विसरणार नाही. टॉवेल ओढून घेतला आणि तोंड फिरवलं. चार दिवस माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बोलले ते असं: "पुन्हा असं झालं, तर ही सगळी खेळणी उपटून खिडकीबाहेर फेकीन. मग मी पडेन नाहीतर मरेन, तुमचा संबंध नाही."

मी त्याच दुपारी जरतरला दुकानात बोलावलं. म्हटलं, "बाथरूम सोडून दे. तिथून मला फोन यायला नको."

तो म्हणाला, "सोडता येणार नाही, तायडे. माणसं पडतात ती तिथेच. पण एक युक्ती आहे. दार बंद झालं आणि त्यानंतर आत हालचाल झाली, तर माणूस आत आहे असं धर. दार बंदच असताना माणूस जाणार कुठे? मग तो हलो न हलो, दिवा चालू ठेवायचा, काही विचारायचं नाही. दार उघडलं की बाहेर आला."

"झालं तर मग. हेच कर."

"फक्त वर मर्यादा घालतो. दीड तास. दीड तासात दार उघडलं नाही, तर तुला फोन."

मी उसळले. खरं सांगते, माझे पाय दुखत होते, मला त्या टॉवेलची आठवण येत होती आणि समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. "दीड तास? परवा त्यांना किती वेळ लागला माहीत आहे? एक तास चाळीस मिनिटं! परत मी धावायचं, परत त्यांचं नागडं अंग बघायचं, आणि परत ते सगळं उपटणार. मर्यादा-बिर्यादा काही नको."

"तायडे, शेवट नसलेला नियम मी लिहीत नाही."

"तू धावतोस का? मी धावते! तुला नियम प्यारे की बाप?"

तो काउंटरवरच्या वायरच्या तुकड्याशी खेळत राहिला. मग मोबाइल काढला आणि माझ्या समोर नियम लिहिला. या खेपेला तोंडाने बोलून दाखवला नाही. शेवटी विचारलं, "फोनवर तुला काय दिसू दे?" मी म्हटलं, "मला एवढंच दिसू दे की ते कुठे आहेत आणि ठीक आहेत."

पाच आठवडे सुखाचे गेले. फोन वाजेना. अप्पा खुशीत, आंघोळ करताना गुणगुणायलाही लागले, खालच्या बिऱ्हाडातल्या बाई सांगायच्या. मी मनात म्हणत होते, बघ जरतर, कधीतरी माझंही ऐकत जा.

तो गुरुवार होता. सकाळपासून दुकानात गर्दी, एका कंत्राटदाराला अख्ख्या इमारतीची बटणं हवी होती आणि त्याच्या यादीत मी गुंतलेली. साडेदहाच्या सुमाराला सहज फोन बघितला. लिहिलं होतं: अप्पा बाथरूममध्ये. ठीक. माझा जीव भांड्यात पडला, म्हणजे आधी तो कुठे अडकला होता असंही नाही. नेहमीचंच ते. आंघोळ करत असतील. एकला परत बघितलं, तेच लिहिलेलं. मला वाटलं, दुसऱ्यांदा गेले असतील. किती वेळ आत आहेत ते फोन सांगत नव्हता. मी ते मागितलंच नव्हतं.

चार वाजता जरतरचा फोन आला. कुणाच्या तरी गच्चीवरून ओरडत होता. "तायडे, धाव. बाथरूमचा दिवा आठ तास चालू आहे. मी विजेचा वापर बघत होतो. धाव ना!"

मी धावले. दार आत ढकललं तर हलेना, मग खांदा लावला. अप्पा दाराला टेकूनच पडले होते. नळ चालू होता, बारीक धार. अंग गार पडलं होतं. माझ्या हातून त्यांचं डोकं उचललं जाईना, कारण जागाच नव्हती. तशीच मी फरशीवर बसले आणि त्यांच्या पाठीला टेकून राहिले.

डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड मोडलंय. पडल्यावर लगेच गेले नाहीत. दोन-तीन तास तरी शुद्धीत असावेत. खालच्या बाई पदरात तोंड घालून रडत होत्या, "सकाळी ठकठक ऐकू येत होती हो. मला वाटलं, नळाचं काम चाललंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी जरतर अप्पांच्या खुर्चीत बसून नोंदी वाचत होता. तो डबा सगळं लिहून ठेवतो, मिनिटासकट. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. आठ चौदा, दार बंद. आठ पंधरा, हालचाल. माणूस आत. ठीक. आठ एकतीस, हालचाल. माणूस आत. ठीक. आठ चाळीस. आठ सत्तेचाळीस. नऊ दोन. नऊ तीन. नऊ तीन परत. हात उचलत असतील, दार ठोकत असतील, आणि प्रत्येक वेळी त्या डब्याने ते पाहिलं आणि लिहिलं. दहा सव्वीस, हालचाल. दहा एकोणतीस, हालचाल. माणूस आत. ठीक. शेवटची अकरा चारला. त्यानंतर चार वाजून अठरा मिनिटांना दार उघडलं, हालचाल. ती हालचाल माझी.

दहा एकोणतीस. मी साडेदहाला फोन बघितला होता.

जरतरने मोबाइल उलटा ठेवला आणि म्हणाला, "तायडे, तू हे वाचू नकोस." माझं वाचून झालं होतं.

तो एकदाही म्हणाला नाही की हे तू करायला लावलंस. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मी वाट बघत होते. म्हटलं असतं तर मी भांडले असते, उलट दोन शब्द सुनावले असते, रडले असते. तो काही बोलेच ना. कामावर जाईना, फोन उचलेना. आणि भेटायला येणारी माणसं, त्यांचं काय सांगू! येतात, बसतात, आणि छताकडे, भिंतींकडे, त्या सेन्सरकडे बघत राहतात. विचारायचं असतं, पण विचारत नाहीत.

विचारलं ते आत्याने. अप्पांची धाकटी बहीण, दोन दिवसांच्या प्रवासाने आलेली. खोली माणसांनी भरलेली होती. ती जरतरसमोर उभी राहिली आणि तिचा तोल गेला. "एवढी डबडी लावलीस घरभर. मोठा शब्द दिला होतास ना, दहा मिनिटांत माणूस येईल म्हणून? माझा भाऊ आठ तास पडून होता. आठ तास! काय करत होतं रे तुझं यंत्र?"

जरतर मान खाली घालून म्हणाला, "माझं चुकलं, आत्या. त्या नियमाला शेवट घालायचा राहिला."

राहिला, म्हणे! मला ऐकवेना. मी उठले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "राहिला नाही. तो घालत होता. मी घालू दिला नाही."

आत्याने माझ्याकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरून आले. "बघा," ती बाकीच्यांना म्हणाली, "लहानपणापासून हिचं हेच. धाकट्याला कुणी बोल लावला की ही पुढे."

"आत्या, तसं नाही. मी खरं सांगतेय. दुकानात बोलावून सांगितलं मी त्याला. तो दीड तास म्हणत होता. मी म्हटलं, तुला नियम प्यारे की बाप. मला धावायचा कंटाळा आला होता, आत्या! मला फोन नको होता!"

"गप, बाळा, गप." तिने मला कुशीत ओढलं. "मन मोडलं की माणूस स्वतःवर काहीही ओढून घेतं. तुला काय कळतंय त्या यंत्रातलं?"

मी तिच्या खांद्यावरून जरतरकडे बघितलं. माझी नजर त्याला सांगत होती की बोल, तुला माहीत आहे, एकदा तरी तोंडाने बोल. तो माझ्याकडेच बघत होता. बोलला नाही.

आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अशी बहीण मिळायला नशीब लागतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. जरतरनेही.